सांधे : त्यांची रचना, चाल व दुखणीं

आपल्या या मासिकांत अवजारांविषयीं वरचेवर लेख येतात. तिफणीचे फण किती अंतरावर असावेत, पंपाचें बेअरिंग कशानें जातें, ट्रॅक्टरला वंगण केव्हां द्यावें, या गोष्टी आमच्या वाचकांस सांगावयास नकोत. परंतु ज्या एका अवजारावांचून बाकीचीं सर्व अवजारें आखाड्यावर पडून राहतील, त्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या देहाविषयीं लिहिलेलें क्वचितच दिसतें. पंपानें जरा निराळा आवाज केला कीं आपण मिस्तरीस बोलावतों. गुडघा वर्षभर दुखत असला तरी ‘वात आहे’ एवढें म्हणून उठतों आणि कामास लागतों. आम्ही वैद्य नाहीं कीं डॉक्टर नाहीं. आमचें आयुष्य महसुलाच्या कचेरींत दप्तर लिहिण्यांत गेलें. परंतु घरांतील एका दुखण्यामुळें हाडांच्या डॉक्टरांच्या दारांत बसण्याचा प्रसंग आम्हांवर पुष्कळदां आला. तेथें जें ऐकलें, विचारलें व पुढें वाचून पडताळून पाहिलें, तें आपल्या बांधवांपुढें ठेवावें असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

प्रथम ‘वात’ या शब्दाचा विचार करूं. अर्धापुराकडे हाडापेराचें कोणतेंहि दुखणें या एका शब्दांत बसतें. म्हाताऱ्याचा आखडलेला गुडघा, सुनेचीं सकाळीं न मिटणारीं बोटें, मध्यरात्रीं ठणकून उठविणारा पायाचा अंगठा, तापांत सुजलेला लेकराचा घोटा, सर्वांस वातच. आमच्या पूर्वीच्या धंद्याच्या भाषेंत सांगावयाचें तर साऱ्या शिवारास एकच गट नंबर देऊन मोकळें व्हावें, त्यांतला हा प्रकार झाला. जिरायत कोणतें, बागायत कोणतें, पड कोणतें, हें पाहिल्यावांचून आकारणी होत नाहीं. तसें दुखणें कोणत्या जातीचें हें कळल्यावांचून औषध ठरत नाहीं. जुन्या वैद्यांवर याचा दोष ठेवतां येत नाहीं. त्यांनीं संधिवात, आमवात व वातरक्त हे रोग निरनिराळे मानले आणि त्यांचीं लक्षणेंहि निरनिराळीं सांगितलीं. गोंधळ केला तो मागाहून आपण.

सांधा म्हणजे दोन हाडें जेथें भेटतात ती जागा. प्रौढ माणसाच्या शरीरांत २०६ हाडें असतात. तान्ह्या मुलांत त्याहून बरींच अधिक असतात. पुढें त्यांतील कांहीं एकमेकांस जुळून जातात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत सांध्यांची संख्या २१० दिली असून त्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. आजचे शरीरशास्त्रज्ञ मोजणी दुसऱ्या रीतीनें करतात, तरी त्या आठांतील एक नांव आपणांस घरचें वाटेल. तें म्हणजे ‘उलूखल’, आपलें उखळ. खुब्याच्या सांध्यास आजच्या शाळेच्या पुस्तकांतहि उखळीचा सांधा असेंच म्हणतात. मांडीच्या हाडाचें वरचें टोक चेंडूसारखें गोल असतें आणि तें कमरेच्या हाडांतील खोल वाटींत बसतें. खांद्याचा सांधाहि याच जातीचा, परंतु त्याची वाटी बशीसारखी उथळ. म्हणून हात चहूंकडे फिरतो, आणि म्हणूनच पडतांना हात टेकला किंवा मारक्या बैलानें कासऱ्याला हिसका दिला कीं खांदा निखळतो. खुबा इतका सहज निखळत नाहीं. त्याला अंगाचा भार वाहावयाचा असतो.

घरांतील बाकीच्या वस्तूंवरूनहि सांधे ओळखतां येतात. कोपर ही दाराची बिजागरी आहे. ती पुढें मिटते, मागें उलटत नाहीं. मानेंतील वरचे दोन मणके म्हणजे जातें. दुसऱ्या मणक्याचा खुंटा वर आलेला असतो आणि खुंट्याभोवतीं वरची तळी फिरावी तसा पहिला मणका त्याभोवतीं फिरतो. आपण मान हलवून ‘नाहीं’ म्हणतों तें येथें. ‘होय’ म्हणतों तें याच्याहि वर, कवटी व पहिला मणका यांच्यामधें. हाताच्या अंगठ्याच्या मुळाशीं खोगिराच्या आकाराचा सांधा असतो. त्याच्यामुळें अंगठा बाकीच्या चारहि बोटांसमोर येतो, आणि त्याच्यावांचून कापूस वेंचतां येणार नाहीं, सुई धरतां येणार नाहीं कीं लेखणी चालणार नाहीं. जन्मभर वेंचणी केलेल्या बायांचा अंगठा मुळाशीं दुखतो तो येथेंच. कवटीचीं हाडें मात्र करवतीच्या दांत्यांप्रमाणें एकमेकांत गुंतलेलीं असतात. तेथें शिवण आहे, हालचाल नाहीं.

आतां हालणाऱ्या सांध्याच्या आंत काय असतें तें पाहूं. बकऱ्याच्या नळीच्या टोकाशीं जो निळसर पांढरा, चकचकीत थर दिसतो, तसाच थर आपल्या हाडांच्या टोकांवर असतो. त्यास कूर्चा म्हणतात. तो थोड्याच मिलिमीटर जाडीचा असतो. भोंवतीं एक चिवट पिशवी असते, आणि तिचें आंतलें अस्तर अंड्यांतील पांढऱ्या भागासारखा बुळबुळीत द्रव तयार करतें. निरोगी गुडघ्यांत हा द्रव चहाचा लहान चमचा भरेल इतकाहि नसतो. हाडें जागच्या जागीं राहावीं म्हणून दोरखंडासारखे अस्थिबंध असतात. गुडघ्यांत याशिवाय चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. त्या धक्का सोसतात. वंगण घातलेल्या आंसावर चाक जसें सुरळीत फिरतें, तसे शरीरांतील स्निग्ध द्रवानें सांधे चालतात, असा दृष्टांत सुश्रुतानेंच दिला आहे. बैलगाडीचा आंस ज्यानें कोरडा पडलेला ऐकला आहे, त्यास याहून अधिक सांगणें नको.

या कूर्चेची एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. तिच्यांत रक्तवाहिन्या नाहींत आणि संवेदना नेणाऱ्या नसाहि नाहींत. नसा नाहींत म्हणून ती झिजूं लागली तरी स्वतः दुखत नाहीं. दुखूं लागतें तें पुढें, खालच्या हाडावर, आवरणावर व स्नायूंवर ताण आल्यावर. म्हणजे दुखण्याची वर्दी आपणांस उशिरा पोंचते. रक्तवाहिन्या नाहींत म्हणून तिचें पोषण सांध्यांतील द्रवांतून होतें. भिजलेलें फडकें पिळावें आणि पुन्हां पाण्यांत सोडावें, तशी पाऊल टेकलें कीं कूर्चा दाबली जाते, उचललें कीं द्रव शोषून घेते. यावरून उघड होईल कीं सांधा दुखतो म्हणून खाटेवर पडून राहणें हें त्याची उपासमार करण्यासारखें आहे. (बोटें मोडल्यावर जो आवाज होतो, तो द्रवांत वायूचा बुडबुडा उत्पन्न झाल्याचा. त्यानें बोटांस कांहीं होत नाहीं. दुखत नसतां गुडघा नुसता वाजत असेल तर त्याचीहि धास्ती घेऊं नये.)

आमच्या वाचकांस सर्वांत अधिक भेटणारें दुखणें म्हणजे गुडघ्याची झीज. हें साधारण पन्नाशीनंतर दिसूं लागतें व पुरुषांपेक्षां बायकांत अधिक आढळतें. सपाट जमिनीवर चालतांना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या सुमारें अडीच ते तीन पट भार येतो. पायऱ्या उतरतांना त्याहून अधिक. उकिडवें बसून उठतांना वाटी मांडीच्या हाडावर जोरानें दाबली जाते. पैनगंगेवरील इसापूर धरणाचें पाणी कालव्यानें आल्यापासून आमच्या भागांत केळी व हळद वाढली, हें चांगलेंच झालें. परंतु हीं पिकें गुडघ्यांवर उभीं आहेत. केळीचीं पिलें वांकून कापावयाचीं, वीस-पंचवीस किलोंचा घड खांद्यावर घेऊन चिखलांतून गाडीपर्यंत न्यावयाचा, हळदीचे कंद उकिडवें बसून मोडावयाचे आणि निवडावयाचे, हें दिवसाचे आठ-आठ तास चालतें. त्यांत बाया घरीं आल्यावर पुन्हां चुलीपुढें बसतात.

झिजेचें दुखणें ओळखणें फारसें कठीण नाहीं. चाललें कीं दुखतें, बसलें कीं थांबतें. सकाळीं उठल्यावर सांधा आखडतो, पण अर्ध्या घटकेंत, फार तर अर्ध्या तासांत, मोकळा होतो. अंगांत ताप नसतो. झिजलेली कूर्चा पूर्ववत् करून देणारें औषध अद्याप निघालेलें नाहीं, आणि तसें सांगून जो बाटली विकतो त्याच्यापासून दूर राहावें. याचा अर्थ उपाय नाहीं असा मात्र नव्हे. पहिला उपाय मांडीचा पुढचा स्नायु बळकट करणें. खुर्चीवर बसून पाय सरळ पुढें करावा, मनांत दहा मोजेपर्यंत तसाच ताणून धरावा, हळूं खालीं आणावा; असें प्रत्येक पायाचें दहा-पंधरा वेळां, सकाळ-संध्याकाळ. हें औषध फुकट असल्यामुळें कोणी घेत नाहीं. दोन महिने नेमानें केल्यावर स्वतःस काय वाटतें तें पाहावें. दुसरा उपाय वजन. एक किलो वजन उतरलें तर प्रत्येक पावलामागें गुडघ्यावरचा सुमारें चार किलोंचा भार कमी होतो, असें मोजून पाहिलेलें आहे. तिसरा उपाय काठी. परंतु ती दुखत्या पायाच्या बाजूस न धरतां उलट हातांत धरावी. उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातांत. आमच्या गांवांत निम्मे लोक ती चुकीच्या हातांत धरून चालतात. निवडण्याच्या कामाला बायांस वीतभर उंचीचा पाट द्यावा, खुरपणीऐवजीं जेथें जमेल तेथें लांब दांड्याचें कोळपें वापरावें, घड दोघांनीं काठीला अडकवून न्यावा. यांत खर्च थोडा आहे. सवय मोडणें तेवढें कठीण.

तेलानें चोळावें कीं नाहीं, असें पुष्कळ जण विचारतात. तेल कातडीच्या आंत सांध्यापर्यंत जात नाहीं; परंतु ऊब मिळते, स्नायु सैल होतात व बरें वाटतें, तेव्हां झिजेच्या दुखण्यांत चोळण्यास हरकत नाहीं. सांधा गरम लागत असेल, लाल असेल, किंवा पडून मार लागलेला असेल, तर मात्र चोळूं नये व ओढूं नये. मोडलेलें हाड ओढून ‘बसविल्यानें’ पायाची नस कायमची गेलेला एक तरुण आम्हीं पाहिला आहे.

आतां आमच्या घरांतील गोष्ट सांगतों. ती सांगण्यांत आम्हांस मोठेपणा नाहीं, पण ती टाळून हा लेख लिहिणें खोटें झालें असतें. आमचे थोरले बंधु, ज्यांस आम्ही दादा म्हणतों, घरची जमीन पाहतात. सुमारें आठ वर्षांपूर्वीं त्यांचे गुडघे दुखूं लागले. कचेरीस जातांना वाटेवर एक आठवडी बाजार लागे. तेथें एक गृहस्थ पांढऱ्या पुडीचें ‘जडीबुटीचें’ औषध देत असे. आम्हींच पहिली पुडी आणली. दोन दिवसांत दादांचें दुखणें थांबलें. तें इतकें झटपट थांबलें याचाच आम्हांस संशय यावयास हवा होता. उलट आम्हीं आणखी चार घरांस तें औषध सांगितलें. दादांस भूक लागूं लागली, गाल भरले, चेहरा वाटोळा झाला. पाहुणे म्हणत, तब्येत सुधारली. दोन वर्षें दर आठवड्यास आम्ही पुड्या आणीत होतों. पुढें अंगावर जरा खरचटलें तरी काळेंनिळें पडूं लागलें, साखर वाढली, आणि एका पोळ्याला दादांस पाटावर मांडी घालतां येईना. दुखणें गुडघ्यांत नव्हतें, जांघेंत होतें.

तपासाअंतीं समजलें तें असें. त्या पुडींत जडीबुटीबरोबर स्टिरॉइड नांवाचें औषध मिसळलेलें होतें. हें औषध वाईट नाहीं. योग्य रोगांत, योग्य मात्रेंत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं तें प्राण वांचवितें. परंतु न कळत, न मोजतां, वर्षानुवर्षें घेतलें तर तें हाडें ठिसूळ करतें, साखर व रक्तदाब वाढवितें, रोगांशीं लढण्याची शक्ति कमी करतें आणि खुब्याच्या उखळींतील चेंडूचा रक्तपुरवठा तोडूं शकतें. रक्त न मिळाल्यामुळें तो गोल भाग आंतल्या आंत मरतो आणि भारानें चेपला जातो. अति दारूनेंहि हेंच होतें. दादांचे दोन्ही खुबे गेले. डॉक्टरांनीं विचारलें, औषध कोणी आणून दिलें? दादा कांहीं बोलले नाहींत. उत्तर आम्हीं दिलें.

येथें एक इशारा फार महत्त्वाचा आहे. हें वाचून ज्यांस स्वतःच्या पुडीची शंका येईल, त्यांनीं ती एकदम बंद करूं नये. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिल्यानें शरीरांतील ग्रंथि तें तयार करणें थांबवितात. पुडी अचानक तोडली तर ओकाऱ्या, अतिशय अशक्तपणा, रक्तदाब उतरणें, प्रसंगीं जीवावर बेतणें, असें होऊं शकतें. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावें, किती दिवस घेतली तें लाज न धरतां सांगावें आणि ते सांगतील त्या क्रमानें ती सोडावी. खूण एवढीच : ज्या औषधाचें नांव, त्यांत काय आहे तें आणि करणाऱ्याचा पत्ता वेष्टनावर छापलेला नाहीं, आणि जें दोन दिवसांत कोणतेंहि सांध्याचें दुखणें थांबवितें, त्याचा भरंवसा धरूं नये.

दादांचे दोन्ही सांधे शस्त्रक्रियेनें बदलले. इंग्लंडांत जॉन चार्न्ली या शस्त्रवैद्यानें १९६२ सालीं धातूचा चेंडू व प्लॅस्टिकची वाटी बसविण्याची रीत रूढ केली, तिचीच ही पुढची सुधारणा. गुडघाहि असाच बदलतां येतो. त्याच्या कृत्रिम सांध्याची किंमत पूर्वीं मनमानीनें लावली जाई. ऑगस्ट २०१७ मधें सरकारनें तिच्यावर कमाल मर्यादा घातली. रुग्णालयाच्या बिलांत सांध्याची किंमत वेगळी दाखविलेली असते ती पाहून घ्यावी. शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांस खालीं मांडी घालणें व उकिडवें बसणें वर्ज्य सांगतात, तेव्हां घरीं येण्यापूर्वींच शौचकूपाची सोय उंच करून ठेवावी. आम्हीं ती केली नव्हती, आणि पहिल्या आठवड्यांत आमची फार तारांबळ उडाली.

झिजेहून निराळे रोग पुष्कळ आहेत. आमवाताच्या जातीच्या रोगांत शरीराची रोगांशीं लढणारी शक्ति चुकून स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. हा बायकांत पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो आणि वयाची तिशी-चाळीशीहि त्याला वर्ज्य नाहीं. दोन्ही हातांचीं लहान पेरें, मनगटें, पायांचीं बोटें जोडीनें सुजतात, आणि सकाळचा आखडलेपणा तास तासभर जात नाहीं. आपल्या घरांत सकाळीं भाकरी थापतांना सुनेची मूठ मिटत नसेल, तर तिला कामचुकार ठरविण्यापूर्वीं तिचीं बोटें पाहावीं. या रोगांत पहिलीं एक-दोन वर्षें महत्त्वाचीं असतात. त्या अवधींत उपचार झाला तर हात वांकडे होण्याचें बरेंचसें टळतें. त्यावर मेथोट्रेक्सेट नांवाची गोळी देतात. ती बहुधा आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते. चुकीनें ती रोज घेतल्यानें माणसें दगावलेलीं आहेत. औषध घेण्याचा वार भिंतीवरील कालनिर्णयावर लिहून ठेवावा.

वातरक्ताचें, म्हणजे युरिक आम्लाच्या विकाराचें, दुखणें बहुधा पुरुषांस होतें. रात्रीं निजतांना पाय धड असतो आणि पहाटे अंगठ्याच्या मुळाशीं आग लागते. पांघरुणाचा स्पर्शहि सोसत नाहीं. दारू व मटण यांनीं तें भडकतें. औषध चांगलें आहे, पण दुखणें थांबलें कीं लोक तें सोडतात व पुन्हां फसतात.

ज्यांत तासातासाचा प्रश्न असतो असें एक दुखणें आहे. एकच सांधा, अंगांत ताप, सांधा गरम व टणक सुजलेला, जराहि हालवूं न देणारा, अशी स्थिति असेल तर आंत पू झाला असण्याचा संभव असतो. पू कूर्चेस थोड्या दिवसांत खाऊन टाकतो. अशा वेळीं लेप नको, शेक नको, उद्यां नको. त्याच दिवशीं मोठ्या रुग्णालयांत न्यावें. तसेंच शाळकरी मुलाचा घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनीं ताप येऊन आज गुडघा, उद्यां घोटा, परवां मनगट, असें दुखणें फिरूं लागलें तर त्याला वाढीचा वात म्हणून सोडूं नये. तो संधिज्वर असूं शकतो. त्यांत सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. ठराविक मुदतीनें पेनिसिलिनचें इंजेक्शन वर्षानुवर्षें घेतल्यानें तें टळतें.

२००६ साल आमच्या भागांत अजून कोणी विसरलें नसेल. त्या वर्षीं चिकुनगुनियानें मराठवाड्यांतील गांवेंच्या गांवें खाटेवर पडलीं. देशभर संशयित रुग्णांची संख्या १३ लाखांवर गेली. ऐन खुरपणींत मजूर मिळेना. आम्ही स्वतः पांच दिवस तापानें फणफणलों आणि पुढें चार महिने दप्तराची गांठ सोडतांना मनगटें रडवीत होतीं. त्याच वर्षाच्या आरंभीं नवापूरकडे कोंबड्यांत बर्ड फ्लूची साथ आलेली. त्यांत रोगाच्या नांवांत ‘चिकन’ ऐकूं आल्यानें कोंबडीनें हा रोग होतो असें लोकांनीं धरलें आणि कुक्कुटपालन करणारे उगाच बुडाले. वास्तविक तें नांव आफ्रिकेंतील माकोंडे भाषेंतलें. टांझानियाच्या बाजूस १९५२ सालीं ही साथ ओळखली गेली, आणि दुखण्यानें वांकून जाणें असा त्या शब्दाचा अर्थ आहे. महाराष्ट्रासहि हा रोग नवा नव्हता. १९७३ सालीं बार्शीस त्याची साथ येऊन गेली होती. मधल्या तीस-बत्तीस वर्षांत तो दिसला नाहीं आणि आपण त्यास विसरलों. त्याचा विषाणु दिवसा चावणारा एडिस डांस आणतो. हा डांस गटारांत नव्हे, घरांतील रांजण, हौद, टाकी, टाकलेलें टायर यांतील स्वच्छ पाण्यांत वाढतो. त्याचीं अंडीं भांड्याच्या कांठाशीं कोरडीं कित्येक महिने तग धरतात, म्हणून आठवड्यांतून एकदां भांडें नुसतें रिकामें न करतां घासून कोरडें करावें लागतें. ताप असतांना स्वतःच्या मनानें कडक वेदनाशामक गोळ्या घेऊं नयेत. त्याच डांसानें डेंग्यूहि होतो, आणि त्यांत अशा गोळ्यांनीं रक्तस्राव वाढतो.

शेवटीं पाण्याविषयीं लिहितों. जमिनीच्या पोटांतील कांहीं खडकांतून फ्लोराइड नांवाचें द्रव्य पाण्यांत उतरतें. वर्षानुवर्षें असें पाणी प्यालें कीं तें हाडांत व अस्थिबंधांत सांठतें. मान वळेनाशी होते, कंबर वांकते, सांधे ताठ होतात, आणि एकदां झालेलें परत फिरत नाहीं. हा रोग प्रथम डॉक्टरांस नव्हे, गुरें पाळणारांस दिसला म्हटलें तरी चालेल. जुन्या हैदराबाद संस्थानाच्या कांहीं भागांत जनावरांस असा विकार होत असल्याची नोंद १९३४ सालची आहे, आणि माणसांतील रोगाचें सविस्तर वर्णन मद्रास इलाख्यांतील नेल्लोर जिल्ह्यांतून १९३७ सालीं झालें. आमच्या नांदेड जिल्ह्यांत किनवटकडील आणि शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवड्याकडील कित्येक विंधनविहिरींच्या पाण्यांत फ्लोराइड मर्यादेपलीकडे आढळलेलें आहे. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत तें लिटरमागें १ मिलिग्रॅमपर्यंत असावें. दुसरें पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. बोअर जितकी खोल गेली तितकी शंका अधिक धरावी. पाणी उकळून तें जात नाहीं, उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें. तुरटी व चुन्यानें तें काढण्याची रीत नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेनें बसविली असून ती नलगोंड्याच्या नांवानें ओळखली जाते. परंतु नदीचें, पावसाचें किंवा उथळ विहिरीचें चांगलें पाणी मिळत असेल तर तेंच प्यावें, हें सोपें.

पहिली खूण मुलांच्या दांतांवर दिसते. नवे आलेले पक्के दांत खडूसारखे पांढुरके किंवा पिवळ्या-तपकिरी आडव्या पट्ट्यांचे असतील आणि असें एकाच पाण्यावरच्या बऱ्याच मुलांत असेल, तर मोठ्यांचा ‘वात’ कोठून आला याचा तपास तेथूनच सुरू करावा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेंत पाणी तपासून मिळतें. नमुना कांचेच्या बाटलींत देऊं नये, कारण फ्लोराइड कांचेशीं क्रिया करतें. प्लॅस्टिकची एक लिटरची नवी बाटली घ्यावी. पंप पांच-दहा मिनिटें चालूं द्यावा. त्याच पाण्यानें बाटली तीन वेळां विसळून गळ्यापर्यंत भरावी. आणि गांव, गट नंबर, विहीर कीं बोअर, तिची खोली व तारीख एवढें चिठ्ठीवर लिहून ती बाटलीस चिकटवावी. दादांच्या आखाड्यावरील बोअरचा नमुना आम्हीं याच रीतीनें मागील उन्हाळ्यांत दिला. तो ०.७ निघाला.